जमा माणुसकीच्या, नावे धर्माच्या



उघड द्वेषाविषयी आपण पुष्कळ वाचतो, बोलतो आणि अलीकडे सोसतोही. तो ओळखायला सोपा असतो, कारण तो समोरून येतो आणि आपले नाव सांगून येतो. आज आम्हाला लिहायचे आहे ते आमच्या जिव्हाळ्याच्या माणसांविषयी. कुठे दंगलीची बातमी आली की पहिला फोन त्यांचा येतो. आमच्या एका भाच्याला शहरात कोणी घर भाड्याने देईना, तेव्हा स्वतः जामीन राहून घर मिळवून दिले ते त्यांनीच. ईदला ती शिरखुर्म्याला येतात आणि डबा भरून घेऊन जातात. त्यांच्या प्रेमात खोट नाही. मात्र त्यांच्या सहिष्णुतेला एक अट आहे, आणि गंमत अशी की ती अट त्यांची त्यांनाच ठाऊक नसते. मुसलमान त्यांना चालतो, नमाजी मुसलमान जरा जड जातो. हिंदू चालतो, माळकरी हिंदूचे हसू येते. धर्म आडनावापुरता असला तर हरकत नाही. तो रोजच्या जगण्यात दिसू लागला की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

आम्ही दोघे नवरा-बायको निवृत्त शिक्षक आहोत. एकाने कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवले, दुसरीने माध्यमिक शाळेत मराठी. चिपळूणजवळच्या एका गावात आमचे घर आहे. अल्हमदुलिल्लाह, पाच वेळची नमाज आणि रमजानचे रोजे जमतील तितके सांभाळत आलो. एकीच्या डोक्यावर ओढणी असते. यातले काही आम्ही कधी लपवले नाही, आणि कुणावर लादलेही नाही. तरी नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य किती वेळा ऐकले त्याची गणती नाही : "मॅडम, तुम्ही इतकं वाचता, आणि तरीही...!" वाक्य तिथेच थांबायचे. पुढचे आम्ही समजून घ्यायचे. आमच्यातल्या सरांच्या वाट्याला प्रशंसा यायची : "सर, तुम्ही अजिबात मुसलमान वाटत नाही हं!" बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतका स्नेह असायचा की रागावताही येत नसे.

एकदा एका साहित्यिक कार्यक्रमाचे आमच्यातल्या बाईंना निमंत्रण आले. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतला देव आणि शेत यांवर बोलायची त्यांची इच्छा होती. संयोजक म्हणाले, "बहिणाबाईंवर बोलणारे खूप आहेत. तुम्ही मुस्लिम स्त्रीच्या घुसमटीवर बोला. लोकांना ते ऐकायला आवडेल." आता ही घुसमट आणायची कुठून? घरात त्या दिवशी घुसमट होती ती एवढीच, की गॅसचा सिलिंडर संपला होता आणि नवा आला नव्हता. मुस्लिम स्त्रियांपुढे प्रश्न नाहीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने मराठी कवितेवर बोलू नये, फक्त आपल्या दुःखावर बोलावे, हे कोणी ठरवले? ते ठरवणारा माणूस स्वतःला अतिशय उदार समजत होता, आणि इतर बाबतींत तो उदार होताही.

हे फक्त मुसलमानांच्या वाट्याला येते असे कोणी समजू नये. आमचे एक सहकारी गणित शिकवत. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी रजा टाकून आषाढीची वारी. त्यांच्या विषयात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण मागे त्यांना 'टाळकुटे' म्हणत, आणि कधी कधी समोरही. शिबिराला वगैरे जाताना ते माळ सदऱ्याच्या आत सरकवत. एकदा आम्हाला म्हणाले, "भाभी, तुमची ओढणी लपत नाही म्हणून तुम्हाला प्रश्न विचारतात. माझी माळ लपते, म्हणून माझ्यासमोर विनोद करतात. सांगा, कुणाचं बरं?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. विनोद करणारी तीच मंडळी व्यासपीठावर तुकोबांचे नाव मोठ्या प्रेमाने घेत. तुकोबा बंडखोर, तुकोबा विद्रोही, हे खरेच आहे. पण विठ्ठल वगळून तुकाराम शिकवता येतो का, हे कोणी वर्गात उभे राहून करून पाहावे. ते बळ कुठून आले हा प्रश्न चौथ्या रांगेतले पोर विचारतेच.

या सगळ्याचा हिशेब आमच्या ध्यानात आला तो 2021 च्या पुरानंतर.

त्या वर्षी बकरी ईद 21 जुलैला होती. त्या रात्री पाऊस थांबला नाही, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी, 22 जुलैला, वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. बाजारपेठेत ते पहिल्या मजल्याला लागले. आमचे गाव उंचावर असल्याने वाचले. कोरोनामुळे राज्यातली प्रार्थनास्थळे त्या वेळी भाविकांसाठी बंद होती. मस्जिदीत माणसे जमत नव्हती. पण पाणी ओसरू लागले तसे मस्जिदीच्या आवारात चुली पेटल्या. घरोघर कुर्बानीचे मटण होते. तेच शिजवून न्यावे असे मुलांचे म्हणणे पडले. वस्तीतल्या एका वयस्कर खालांनी त्यांना थांबवले. त्या म्हणाल्या, "गावात सगळेच काही मटण खात नाहीत. आणि कुणाला शंका आली तर घास घशाखाली उतरेल का? उपाशी माणसाला आपण जेवण द्यायचं, कोडं नाही घालायचं." मग मूगडाळीची खिचडी ठरली. जमातीच्या देगांत आदल्या दिवशी मटण शिजले होते, म्हणून शेजारच्या वाडीतून गावकीची भांडी आणली. वाडीतल्या बायका भांड्यांबरोबर आल्या आणि कांदे चिरायला बसल्या. पुढचे आठ-दहा दिवस मुले चिखल उपसत होती. आमचे पुरोगामी मित्रही फावडी घेऊन त्यांच्या शेजारी होते. त्यांच्यातले एक गृहस्थ साठीचे, गुडघ्याचे दुखणे असलेले; पण त्यांनी एका म्हातारीचे घर स्वतः धुऊन काढले. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि विसरणार नाही.

दोन-तीन महिन्यांनी या कामाचा एक लहानसा अहवाल निघाला. त्याच मित्रांनी लिहिलेला, मनापासून लिहिलेला. आमच्या वस्तीविषयी त्यात एक परिच्छेद होता : या मुस्लिम बांधवांनी धर्म बाजूला ठेवून, माणुसकीच्या नात्याने मदत केली. वाचून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. धर्म बाजूला ठेवला? कधी ठेवला? शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) मोमीन मानलेले नाही, हे आमच्या वस्तीत अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ठाऊक आहे. वर्षाला अडीच टक्के जकात काढायची, ईदच्या नमाजआधी फित्रा द्यायचा, कुर्बानीतला वाटा गरजवंताला द्यायचा. देण्याची ही सवय हाताला लागली ती कुठून? खालांनी मटणाची देग बाजूला ठेवली ती धर्म आठवून, धर्म विसरून नव्हे.

अहवाल लिहिणारे मित्र घरी आले तेव्हा आम्ही विषय काढला. ते गोंधळले. म्हणाले, "अहो, मी तर तुमचं कौतुक केलंय!"

"कौतुक केलंत ते कळलं," आम्ही म्हणालो. "पण तुमच्या त्या साठीच्या मित्रांनी म्हातारीचं घर धुतलं. ते देव मानत नाहीत. त्यांनी नास्तिकपणा बाजूला ठेवून मदत केली, असं का नाही लिहिलंत?"

ते हसले, मग गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण धर्म नसता तरी तुम्ही मदत केलीच असती ना, भाभी?"

"केली असती, नसती, अल्लाहला ठाऊक. विहिरीवरून पाणी आणलं असताना ते नळाचं आहे असं कशाला लिहायचं, एवढंच विचारतोय."

पुस्तपालन शिकवणाऱ्या माणसाला यात एक जुनी ओळखीची चूक दिसते. रक्कम बरोबर, बाजू बरोबर, पण नोंद भलत्याच खात्यावर. धर्म मानणाऱ्याने चांगले काम केले की ते जमा होते माणुसकीच्या खात्यावर. त्यानेच किंवा त्याच्या नावाच्या दुसऱ्या कोणी वाईट काम केले की ते नावे पडते धर्माच्या खात्यावर. अशी वर्षानुवर्षे नोंद केली तर धर्माचे खाते कायम तोट्यात दिसणार, यात नवल काय? आणि या चुकीची खुबी अशी, की तेरीज जुळते. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या येतात, म्हणून कोणाला संशय येत नाही. विद्यार्थ्यांना आम्ही सांगायचो, बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नाही. मूळ पावती काढून पाहा.

मूळ पावत्या पाहू गेले तर इतिहासात पुष्कळ सापडतात. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा आज सगळ्या मोर्च्यांत दिली जाते. ती घडवण्याचे श्रेय मौलाना हसरत मोहानींना दिले जाते. 1921 साली अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वातंत्र्याची मागणी त्यांनी मांडली, 1925 साली कानपूरला भरलेल्या कम्युनिस्टांच्या परिषदेचे ते स्वागताध्यक्ष होते, पुढे घटना समितीचे सदस्य झाले. हेच मौलाना नमाजी होते आणि अनेकदा हजला गेले. घोषणा देणाऱ्या किती जणांना हे माहीत असते? महात्मा फुल्यांनी पुरोहितशाहीवर आसूड ओढला, पण निर्मिकावरची श्रद्धा सोडली नाही. त्यांच्या निधनानंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नावच 'सार्वजनिक सत्यधर्म' आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावरही त्यांनी कविता लिहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांना घेऊन एक धर्म सोडला तो दुसरा स्वीकारण्यासाठी. माणसाला धर्माची गरज नाही असे त्यांनी म्हटले नाही. या सगळ्यांची कामे आपण घेतो आणि त्यांच्या श्रद्धेचा भाग शिष्टाचार म्हणून गाळतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे उदाहरण तर आमच्या मित्रांच्या घरातले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली तेव्हा निषेधाला आम्हीही गेलो होतो. आपला विरोध देवाधर्माला नसून शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना आहे, असे ते जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या पश्चात त्याच वर्षी जो कायदा झाला, त्यातही यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, भजन, घरातली किंवा मंदिर-दर्गा-चर्चमधली प्रार्थना यांना हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. कायद्याला जो फरक कळतो, तो कायद्यासाठी झटलेल्या काही जणांना शिक्षकांच्या खोलीत का कळू नये? आमचे गणिताचे सर कुठल्या भोंदूच्या नादी लागले नव्हते. ते फक्त चालत पंढरपूरला जात होते.

आता आमच्या बाबतीत नेमाने येणारा प्रश्न : "तलाकचं काय?" हा प्रश्न चुकीचा नाही. चिपळूणजवळचे मिरजोळी हे हमीद दलवाईंचे गाव. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मोर्चा काढला, तो प्रश्न खराच होता. त्या सात जणींचे धैर्य आम्ही मानतो. दलवाई स्वतः श्रद्धावान नव्हते. तो त्यांचा हक्क होता. पण आमच्या मित्रांच्या मनात एक समजूत पक्की बसली आहे, की मुसलमानांत सुधारणा व्हायची तर ती श्रद्धा सोडलेल्या माणसाकडूनच होणार. मग इतर पावत्या फाईलला लागतच नाहीत. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने सांगितले, की नवऱ्याने तलाक दिला असे नुसते म्हणून भागणार नाही. कारण काय होते आणि दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला का, हे सिद्ध करावे लागेल. हे दोन्हीकडचे मध्यस्थ कुठले? सूरह निसाच्या 35 व्या आयतीतले. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिहेरी तलाक रद्द केला. त्या तिघांपैकी दोघा न्यायमूर्तींनी घटनेच्या 14 व्या कलमाचा आधार घेतला. तिसरे न्या. कुरियन जोसेफ यांनी कुरआनच उघडले आणि ही पद्धत कुरआनात बसत नाही, म्हणून ती शरीयतही नव्हे, असा निर्वाळा दिला. ते तिसरे मत नसते तर बहुमतच झाले नसते. त्या खटल्याच्या आधी कित्येक वर्षे कुरआन हातात घेऊन वस्त्यांतून, काझींसमोर भांडणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्या डोक्यावर ओढणी होती. म्हणूनच की काय, त्या पुष्कळांना दिसल्या नाहीत.

हे सारे चर्चेपुरते राहिले असते तर आम्ही लिहायला बसलो नसतो. पण ते आमच्या लेकीपर्यंत पोचले.

लेक समाजकार्य शिकली. किशोरवयीन मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत तिने अर्ज केला. संस्था चांगली, काम तिच्या आवडीचे. मुलाखतीत तिचे शिक्षण, तिचा अनुभव यावर दहा मिनिटे बोलणे झाले, आणि स्कार्फवर वीस मिनिटे. शेवटी समोरच्या बाई हळुवारपणे म्हणाल्या, "आपलं काम मुलींना मोकळं करण्याचं आहे, बेटा. तूच हे घालून आलीस तर त्या काय शिकतील?" रात्री लेकीचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसला होता. म्हणाली, "अम्मी, मला कुणी हे घालायला लावलं का, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. त्यांना ते ऐकूच आलं नाही. दुसऱ्या मुलाखतीला काढून जाऊ का?"

आई-बाप म्हणून तो क्षण कठीण होता. पोरीला नोकरी हवी होती, भाडे चढत होते. तिला बांधून ठेवणारे आम्ही कोण? आणि काढून जा असे सांगणारे तरी आम्ही कोण? आम्ही एवढेच म्हणालो, "बेटा, काढायचा तर तुझ्या मनाने काढ, ठेवायचा तर तुझ्या मनाने ठेव. लाज वाटून काही करू नकोस. लाज वाटावी असं तू काही केलेलं नाहीस." ती ठेवून गेली. जाताना तिने एक प्रश्न मनाशी तयार केला होता आणि तो तिथे विचारला : "तुम्ही मुलींना स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला शिकवता ना? मग माझा निर्णय तुम्हाला पटला नाही, तरच तो माझा नाही असं का वाटतं?" तिची निवड झाली नाही. पत्रात अधिक योग्य उमेदवार मिळाल्याचे लिहिले होते. तसेच असेल, दुसऱ्याच्या मनातले आम्ही कसे सांगणार? आज ती दुसऱ्या एका संस्थेत समुपदेशक आहे. तिच्याकडे सर्व जातिधर्मांच्या मुली येतात. एकीने तिला सांगितले, "ताई, मी घरी रोज देवपूजा करते हे कॉलेजच्या गटात कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

स्कार्फ जबरदस्तीने डोक्यावर घालणे आम्हाला मान्य नाही. धर्माच्या बाबतीत जबरदस्तीला थारा नाही, ही सूरह बकराची शिकवण आम्ही घरात पाळली आहे. पण मोकळे करण्याच्या नावाखाली तो ओढून काढणे हीसुद्धा जबरदस्तीच. घटनेच्या 25 व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य एकाच वाक्यात शेजारी-शेजारी ठेवले आहे. ते शेजारपण आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते.

आमच्या मित्रांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजूही सांगायला हवी. धर्माच्या नावाने पेटलेली शहरे त्यांनी पाहिली आहेत. आपले सोबती गोळ्यांना बळी पडलेले पाहिले आहेत. आपल्याच घरातल्या विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणारा धर्म त्यांनी लहानपणी अनुभवला आहे. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. आणि धर्माला प्रश्न विचारू नयेत असे तर आम्ही कधीच म्हणणार नाही. प्रश्न विचारणारी माणसे नसती तर औरंगाबादचा निकालही लागला नसता. टीका आणि पूर्वग्रह यांतला फरक ओळखायची आमची साधी खूण आहे. टीका करणारा प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. पूर्वग्रह असलेला प्रश्न विचारतो, पण उत्तर त्याने आधीच लिहून ठेवलेले असते. आमच्या लेकीने तीनदा दिलेले उत्तर ऐकू गेले नाही, कारण तिथे उत्तराची जागा रिकामीच नव्हती.

आणि वाचकहो, इथे थांबलो तर हा लेख अर्धाच राहील. हीच चुकीची नोंद आपल्या मोहल्ल्यांतही होते, फक्त उलट्या बाजूने. नमाज न पढणाऱ्या शेजाऱ्याने रक्त दिले तर आपण म्हणतो, 'अल्लाहने त्याच्या हातून करवून घेतले.' तो दारू प्यायला तर म्हणतो, 'बेदीन आहे, दुसरे काय होणार!' देव न मानणाऱ्याला नीतीही नसते, असे आपल्याकडे किती सहज बोलले जाते! मग त्या साठीच्या गृहस्थांनी दुखऱ्या गुडघ्यांनी चिखल उपसला तो कशाच्या जोरावर? त्यांच्या स्वतःच्या विचारांच्या जोरावर. ते श्रेय त्यांच्या विचारांना द्यायला आपली जीभ का अडखळावी? सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्या समूहाची टिंगल करू नये, टोपणनावे ठेवू नयेत, फार संशय घेऊ नये, असे ईमानवाल्यांनाच बजावले आहे. तो हुकूम आधी आपल्यासाठी आहे. दुसऱ्याने आपल्याला 'टाळकुटे' किंवा 'मुल्ला' म्हणू नये असे वाटत असेल, तर आपणही कोणाला 'बेदीन' म्हणून निकालात काढू नये.

मग रोजच्या व्यवहारात करायचे काय? रुसून त्या मित्रांपासून दूर जाणे आम्हाला पटत नाही. ती माणसे गमावणे परवडणारे नाही, त्यांनाही आणि आपल्यालाही. श्रद्धा खिशात घालून त्यांच्यात वावरणेही बरोबर नाही. सभेत नमाजची वेळ झाली तर घड्याळाकडे चोरून पाहण्यापेक्षा सरळ सांगावे, "दहा मिनिटांत येतो, चर्चा चालू द्या." आपल्या चांगल्या कामामागे काय आहे असे कोणी विचारले तर संकोच न करता सांगावे, आणि समोरच्याच्या कामामागे काय आहे तेही विचारावे. मुलांना दोन्ही गोष्टी शिकवाव्यात : श्रद्धेची लाज बाळगू नये आणि तिचा तोराही मिरवू नये. गणिताचे सर आता निवृत्त झाले आहेत. गेल्या आषाढीला ते निघाले तेव्हा आमच्याकडे थांबले, चहा घेतला. माळ सदऱ्याच्या बाहेर होती. आमच्यातल्या बाईंनी त्यांच्या पिशवीत खजुराचे पाकीट घातले. ते म्हणाले, "भाभी, एक अभंग तुमच्यासाठी म्हणतो तिथं." आम्ही म्हणालो, "आम्ही तुमच्या पायांसाठी दुआ करतो."

अहवालवाल्या मित्रांचे मात्र अजून पुरते पटलेले नाही. येतात, वाद घालतात, शिरखुर्मा नेतात. अलीकडे 'तुम्ही मुसलमान वाटत नाही' असे म्हणत नाहीत, इतका फरक पडला आहे. वाद चालू आहे, म्हणजे उत्तराची जागा थोडी रिकामी झाली असावी.

अल्लाह आपल्या सर्वांना एकमेकांचा हिशेब खरा मांडण्याची बुद्धी देवो, आणि आपल्या शेजाऱ्यांच्या मनात आपल्याविषयी, आपल्या मनात त्यांच्याविषयी चांगले गुमान ठेवो. आमीन.